नवकल्पना व्यवस्थापनाची सल्लासेवा : कुपवाडच्या एका कारखान्यातील वर्षभराचा अनुभव

कारखान्यांना ‘इनोव्हेशन मॅनेजमेंट’ शिकवणाऱ्या सल्लागार संस्था अलीकडे सांगली, मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये वारंवार दिसू लागल्या आहेत. त्यांपैकी पुण्याहून काम करणाऱ्या एका संस्थेची सेवा आमच्या कुपवाडच्या कारखान्याने सुमारे वर्षभर घेतली. आमच्याकडे पंप आणि व्हॉल्व्ह यांची बिडाची कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग) ओतली जातात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आमच्याच मशिनशॉपमध्ये मशिनिंग (यंत्रावर कापून मापाला आणणे) होऊन ग्राहकाकडे जातात. उत्पादन विभागाची जबाबदारी माझ्याकडे असल्याने ही सेवा रोजच्या कामात कुठे उपयोगी पडली आणि कुठे अडचणीची ठरली, हे मला जवळून पाहता आले. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी नोंदवल्या आहेत आणि त्या या क्षेत्रातील इतर अनेक सेवांनाही लागू पडतील असे मला वाटते.

माझे मत आधीच सांगतो. या सेवेतील एक भाग अत्यंत मोलाचा आहे : कामगाराने मांडलेल्या प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत आणि कारणासह उत्तर मिळालेच पाहिजे, ही शिस्त. त्या शिस्तीसाठी दिलेले पैसे मला जास्त वाटत नाहीत. मोबाइल ॲप, गुणांकनाचे तक्ते, प्रमाणपत्राची तयारी हा उरलेला भाग मात्र आमच्या आकाराच्या कारखान्याने घेतला नाही तरी चालेल.

वर्षाची फी साधारणपणे एका कनिष्ठ अभियंत्याच्या वर्षभराच्या पगाराइतकी पडली. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वेगळा होता. होणाऱ्या बचतीवर टक्केवारी घेण्याचा दुसरा पर्यायही त्यांनी दिला होता. पण बचत किती झाली यावरून पुढे वाद होतात, म्हणून आम्ही ठरावीक फीच पसंत केली. इच्छुकांनी एक गोष्ट आधी पडताळावी. केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये नव्या स्वरूपात सुरू केलेल्या लीन (कामातील अपव्यय कमी करण्याच्या) योजनेत सल्लागाराच्या अंमलबजावणी खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. आम्ही घेतलेली सेवा त्या योजनेखालची नव्हती. परंतु जागेची मांडणी, यंत्राच्या सेटिंगचा (पुढच्या कामासाठी जुळवणीचा) वेळ, वाया जाणारा माल एवढ्याच गोष्टी सुधारायच्या असतील तर आधी त्या योजनेकडे जाणे शहाणपणाचे ठरेल.

कामाची सुरुवात चांगली झाली. पहिल्या टप्प्यात संस्थेच्या दोन सल्लागारांनी कुठलेही भाषण न देता तिन्ही पाळ्यांत शॉपमध्ये उभे राहून कामगारांशी गप्पा मारल्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुमच्या कामातली कोणती गोष्ट तुम्ही आधी सुचवली होती आणि तिचे पुढे काय झाले? या प्रश्नाने चित्र स्पष्ट झाले. फेटलिंगमधले (कास्टिंग घासून साफ करण्याच्या विभागातले) एक जुने मामा म्हणाले, ‘‘साहेब, ग्राइंडरच्या स्टँडचं मी मागच्या फोरमनलाच सांगितलं होतं. हो म्हणाले, मग दिवाळी आली, मग ते सोडून गेले.’’ अशाच आशयाची उत्तरे जवळजवळ प्रत्येक विभागातून आली. कल्पनांची टंचाई कुठेच नव्हती. कल्पना ऐकून घेतल्यानंतर तिची जबाबदारी कोणाकडे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. सूचनापेट्या आपल्या भागातील बहुतेक कारखान्यांत आहेत, पण पेटी उघडण्याची तारीख आणि उत्तर देणाऱ्याचे नाव ठरलेले नसेल तर पेटीत चिठ्ठी टाकण्याचे कष्ट शहाणा कामगार घेत नाही.

त्यानंतर बसवलेली पद्धत अगदी साधी आहे. प्रत्येक विभागात एक फळा लावला. त्यावर ‘आलेली’, ‘तपासात’, ‘चाचणीत’ आणि ‘निर्णय झालेली’ असे चार रकाने आखले. सूचना कोणीही तोंडी द्यावी आणि सुपरवायझरने ती सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावी, असा नियम केला. सात दिवसांत सूचनेला पहिले उत्तर मिळायलाच हवे. नकार असेल तर त्याचे कारण फळ्यावर लिहायचे आणि सांगणाऱ्याला समक्ष समजावून द्यायचे. ते त्याला पटले नाही तर एकदा वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. याच्या जोडीला प्रत्येक सुपरवायझरला सूचनेमागे दोन हजार रुपयांपर्यंतचा खर्च कोणालाही न विचारता करण्याचा अधिकार दिला. या शेवटच्या तरतुदीला आमच्या लेखा विभागाचा विरोध होता, आणि सल्लागारांनी तीवर नेटाने आग्रह धरला याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. लहान सुधारणेला लागणारा पत्रा, बोल्ट, रबर यांच्यासाठी तीन सह्या लागत असतील तर ती सुधारणा होतच नाही.

एक उदाहरण तपशिलात सांगतो. पंपाचे एक केसिंग (बाहेरचे कवच) आम्ही व्हीएमसीवर, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रावर, मशिन करतो. फिक्स्चरच्या (भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाच्या) मधोमध एक स्टड, म्हणजे आटे असलेला दांडा, असतो, त्यावर जॉब (मशिन करायचा भाग) बसवायचा, वर जाड वॉशर ठेवायचा आणि नट आवळायचा. प्रत्येक जॉबला नट पूर्ण सोडवून काढावा लागे, तो धातूच्या चिप्समध्ये (कात्रणांत) पडे, शोधावा लागे, पुसावा लागे. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने सुचवले की जॉबच्या बोअरमधून (मधल्या भोकातून) पार जाईल एवढा लहान नट वापरावा आणि वॉशरला एका बाजूने खाच मारावी. म्हणजे नट दोन आटे सैल केला की वॉशर बाजूने सरकून निघतो आणि जॉब नटावरूनच वर उचलता येतो. असा खाचेचा वॉशर टूलरूमवाल्यांना नवा नाही. पण या फिक्स्चरला तो चालेल हे त्या यंत्रावर उभे राहणाऱ्यालाच दिसले. सुपरवायझरने तो आमच्याच टूलरूममध्ये बनवून घेतला, दुसऱ्या आठवड्यात चाचणी झाली, आणि फिक्स्चरच्या ड्रॉइंगवरील सुधारणेच्या नोंदीत त्या ऑपरेटरचे नाव लिहिले गेले. यंत्र थांबलेले असताना करायचे काम आणि यंत्र चालू असताना करता येणारे काम वेगळे काढावे, हा जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांचा विचार सल्लागारांनी प्रशिक्षणात सांगितला होता. माणसांना तो कळला या वॉशरमुळे.

कोअर शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंगमधील पोकळीसाठी लागणारे वाळूचे गाभे (कोअर) बनवण्याच्या विभागात, आमच्याकडे बहुतेक महिला काम करतात. पहिल्या काही आठवड्यांत त्या विभागाचा फळा रिकामा राहिला, तेव्हा तेथे उत्साह नाही असा निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता होती. सल्लागारांपैकी एक बाई त्यांच्याबरोबर जेवणाच्या सुट्टीत बसल्या आणि खरे कारण पुढे आले. फळ्यासमोरची बैठक पाळी संपताना होत असे आणि त्या वेळी कवठेपिरान, बुधगाव, माधवनगरच्या बाजूला जाणाऱ्या महिलांची गाडी सुटायची वेळ झालेली असे. बैठक जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच, कामाच्या वेळेत घेतली, तशा सूचना येऊ लागल्या. भाजलेले कोअर पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवताना कडा तुटतात, म्हणून ट्रेला कोअरच्या आकाराच्या रबरी बैठका कराव्यात, ही सूचना तेथूनच आली आणि ती आज तीन प्रकारच्या कोअरसाठी वापरात आहे. नवकल्पनेचे वातावरण तयार करा असे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात ते वातावरण बसच्या वेळापत्रकावर अवलंबून असू शकते, आणि ते शोधून काढणारा सल्लागार चांगला म्हणायचा.

या सेवेतील सर्वांत कसोटीचा विषय मात्र दुसराच होता, आणि इतर कारखान्यांनी त्याकडे नीट लक्ष द्यावे. काम लवकर होण्याची युक्ती कामगाराला माहीत असते. तो ती सांगत नाही, कारण वाचलेला वेळ उद्याच्या टार्गेटमध्ये जाईल याची त्याला खात्री असते. सेटिंगला कमी वेळ लागू लागला की पाळीमागे जॉबची संख्या वाढते, आणि पुढे एखादा हेल्पर कमी केला जातो. ही शंका बैठकीत कोणी उघड बोलत नाही. युनियनच्या प्रतिनिधींनी ती व्यवस्थापनासमोर मांडली, आणि सल्लागारांनी त्यांची बाजू उचलून धरली. त्यांच्या आग्रहाने एक लेखी परिपत्रक निघाले. सूचनेमुळे वाचलेल्या वेळेच्या आधारे कोणालाही कामावरून कमी केले जाणार नाही, ज्या यंत्रावर सुधारणा झाली तेथील टार्गेट सहा महिने बदलले जाणार नाही, आणि त्यानंतर बदल करायचा असल्यास तो चर्चेनेच होईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे परिपत्रक लागले त्या महिन्यात मशिनशॉपमधून आलेल्या सूचनांचा दर्जाच बदलला. त्याआधी पंखा, पाण्याचा कूलर, पार्किंगचे छप्पर अशा मागण्या अधिक होत्या आणि त्याही रास्तच होत्या. त्यानंतर टूल, फिक्स्चर, प्रोग्राम यांच्याविषयी लोक बोलू लागले. सल्लागार निवडताना त्याला हा प्रश्न अवश्य विचारावा. वाचलेल्या वेळेचे काय करायचे याचे उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याची बाकीची पद्धत कितीही आकर्षक असली तरी शॉपमध्ये चालणार नाही.

बक्षिसांबाबत त्यांचा पहिला प्रस्ताव बचतीच्या प्रमाणात रोख रकमेचा होता. तो आम्ही बदलून घेतला. बचतीचे गणित शंभर टक्के बिनचूक नसते, आणि मूळ कल्पना कोणाची यावरून दोन पाळ्यांत बोलणे बंद होण्यापर्यंत वेळ येते. आता लागू झालेल्या प्रत्येक सूचनेला सारखीच लहान रक्कम मिळते, चाचणीत हातभार लावणाऱ्यांनाही ती मिळते, आणि ड्रॉइंगवर किंवा कार्यसूचनेवर नाव येते. नाव येण्याचे मोल रकमेपेक्षा अधिक मानले जाते, असे मला दिसले.

फसलेल्या चाचण्यांचे काय करावे, याविषयी सल्लागारांची भूमिका मला मनापासून आवडली. पावसाळ्यात आमच्या मोल्डिंगच्या (साचे बनवण्याच्या) वाळूची ताकद घटते. एका मोल्डरने बेंटोनाइटचे (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीचे) प्रमाण वाढवण्याचे सुचवले. साच्याच्या दोनच पेट्यांवर चाचणी घेतली आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल (वाफेमुळे पडणारी पोकळी) आले. कारण सरळ आहे : बेंटोनाइट वाढले की पाणीही जास्त लागते, वाळूची हवा जाऊ देण्याची क्षमता घटते आणि वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही. ही चाचणी फळ्यावर ‘निर्णय झालेली’ या रकान्यात, खर्च, कास्टिंगचे फोटो आणि कारण यांसह महिनाभर ठेवली, आणि मोल्डरला ठरलेली रक्कमही दिली गेली. तिच्यावर चर्चा होताना असे निघाले की मूळ अडचण उघड्यावर पडलेल्या वाळूत आहे. मग वाळूच्या ढिगावर शेड झाली आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ओलावा मोजणे सुरू झाले. लहान प्रमाणात, ठरवून आणि नोंद ठेवून केलेली चूक कारखान्याला परवडते, हे या एका उदाहरणाने सर्व विभागांना पटले.

प्रशिक्षणाविषयी माझे मत तितके अनुकूल नाही. सादरीकरणातील जवळपास सर्व उदाहरणे परदेशी होती. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली आणि ती आजही चालू आहे, हे सांगणे योग्यच होते, कारण अशा योजनेला दीर्घकाळ सातत्य लागते हे त्यातून कळते. परंतु थ्रीएम कंपनीतील संशोधकांना कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या प्रयोगांसाठी मिळतो, त्यातून १९६८ मध्ये सापडलेल्या कमकुवत गोंदाचे १९८० मध्ये चिकटचिठ्ठीत (पोस्ट-इट) रूपांतर झाले, ही कथा भट्टीवरच्या माणसाला सांगून काय उपयोग? इंडक्शन भट्टीतील लोखंड तापमानाला आले की ते ओतावेच लागते. तेथे पाळीतील वेळ मोकळा ठेवता येत नाही. आम्ही त्याऐवजी दर शनिवारी पहिली पाळी संपताना अर्धा तास, पगारी वेळ म्हणून, फळ्यासमोरच्या कामाला राखून ठेवला.

यापेक्षा जवळची उदाहरणे सांगली जिल्ह्यातच आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला शेतकरी हात लावायला तयार नव्हते, कारण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. नवी वस्तू तयार करणे आणि ती लोकांच्या गळी उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे सांगायला याहून चांगला दाखला कोणता? तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी थॉम्पसन सीडलेसच्या वेलींमधून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हे वाण पुढे आणले. आमचे निम्मे कामगार स्वतः शेतकरी आहेत. बागेतला वेगळा वेल ओळखण्याची नजर आणि रिजेक्ट झालेल्या कास्टिंगमधले कारण ओळखण्याची नजर एकाच प्रकारची आहे, हे त्यांना सांगावेच लागत नाही. सल्लागारांनी या भागात येण्यापूर्वी हा भाग थोडा वाचून यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

मोबाइल ॲप हा सेवेतील सर्वांत कमकुवत भाग आहे. मराठी पर्याय होता, पण त्यातील मजकूर यांत्रिक भाषांतराचा वाटत होता आणि तो वाचून इंजिनिअरही गोंधळत. शॉपमध्ये हातमोजे घालून काम करणाऱ्याने फोनवर सात रकाने भरावेत ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. त्याहून गंभीर दोष असा की ॲपमध्ये केवळ कायम कामगारांचीच नोंद होत असे. आमच्या फेटलिंग आणि लोडिंगमधील कामगार कंत्राटदाराकडील आहेत आणि वाया जाणारा माल सर्वांत आधी त्यांच्याच नजरेस पडतो. त्यांना कंपनीने थेट रोख बक्षीस दिले तर नोकरीच्या नात्याचा कायदेशीर प्रश्न निर्माण होईल, अशी भीती व्यक्त झाली. शेवटी रक्कम कंत्राटदारामार्फत आणि नाव फळ्यावर, असा मार्ग आम्हीच काढला. ॲप तिसऱ्या महिन्यानंतर कोणी उघडले नाही, फळा मात्र आजही रोज भरतो.

पेटंटच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी. वर्षात किती अर्ज दाखल झाले हा आकडा संस्थेच्या अहवालात ठळक छापला जातो, त्यामुळे अर्ज करण्याकडे त्यांचा कल दिसतो. भारतीय पेटंट कायदा १९७० चा आहे, संरक्षण २० वर्षांचे मिळते, आणि त्यासाठी शोध खरोखर नवा व सहज न सुचणारा असावा लागतो. लहान सुधारणांसाठी काही देशांत ‘युटिलिटी मॉडेल’ नावाची सोपी नोंदणी असते, तशी आपल्याकडे नाही. वर सांगितलेल्या वॉशरसाठी अर्ज करावा असे सुचवले गेले. आम्ही नकार दिला, कारण ती युक्ती जगभर वापरात आहे. याउलट, त्यांचा एक सल्ला सर्वांनी लक्षात ठेवावा : खरोखर नवी वस्तू असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा ग्राहकाला उघड दाखवण्याआधी अर्ज करावा, नाहीतर नावीन्यच गमावण्याचा धोका असतो. लघुउद्योगांना शुल्कात मोठी सवलत आहे. नवकल्पना व्यवस्थापनाच्या आयएसओ ५६००१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रमाणपत्राचा आग्रहही झाला. हे मानक २०२४ मध्ये आले आहे. त्याआधीचे २०१९ चे ५६००२ केवळ मार्गदर्शनासाठी होते. ग्राहकाने मागितले नसेल तर आमच्यासारख्या कारखान्याने त्या खर्चात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्या कल्पनांच्या बाबतीत सेवा अपुरी पडली. त्यांची टप्प्याटप्प्याने मंजुरी देण्याची पद्धत स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांसाठी आखलेली आहे. आम्ही ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे माल करतो. रनर व रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा), वाळू, फिक्स्चर या गोष्टी आमच्या हातात असतात. पण भिंतीची जाडी अर्धा मिलिमीटर बदलायची तरी ग्राहकाची लेखी परवानगी लागते. एखाद्या व्हॉल्व्ह बॉडीच्या कोपऱ्यातील त्रिज्या वाढवली तर तेथील तडे थांबतील, हे पॅटर्नशॉपमध्ये (साच्यासाठीचे नमुने बनवणाऱ्या विभागात) सर्वांना माहीत असते. ही सूचना चाचणीच्या आकड्यांसह ग्राहकाच्या डिझाइन विभागापर्यंत कशी न्यावी आणि वाचलेल्या खर्चाची वाटणी कशी ठरवावी, याचे कोणतेही साधन त्यांच्याकडे तयार नव्हते. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील बहुसंख्य फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) याच प्रकारच्या आहेत, म्हणून ही उणीव मोठी आहे.

आम्ही करार पुढे चालू ठेवला आहे, पण त्याचे स्वरूप बदलून. ॲपचे शुल्क वगळले आहे, भेटी दर तीन महिन्यांनी होणार आहेत, आणि त्या भेटीत सल्लागारांनी एकच तपासणी करायची आहे : ‘तपासात’ या रकान्यात सात दिवसांहून अधिक काळ काय पडून आहे आणि ते कोणाच्या टेबलावर आहे. ग्राहकाकडे पाठवायच्या सूचनांचा नमुना-अर्ज दोन्ही बाजूंनी मिळून तयार करायचा, ही अट नव्याने घातली आहे आणि फीचा शेवटचा हप्ता त्या अर्जावर पहिला प्रस्ताव ग्राहकाकडे गेल्यानंतरच द्यायचा ठरला आहे.